केव्हीएम ओव्हर आयपी: घरी बसून कारखान्यातला सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकजवळच्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतल्या छोट्या-मध्यम कारखान्यांचे सर्व्हर बघतो. कुठे टॅलीचा एकच टॉवर, कुठे ईआरपी आणि सीसीटीव्ही मिळून अर्धी रॅक. फुलटाइम आयटीवाला ठेवणं यातल्या बहुतेकांना परवडत नाही, त्यामुळे रात्री-बेरात्री फोन येतो तो मलाच, आणि केव्हीएमबद्दल तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय.

केव्हीएम ओव्हर आयपी म्हणजे नेमकं काय असतं?

केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माउस. साधा केव्हीएम स्विच तुम्ही पाहिला असेल, एक मॉनिटर-कीबोर्ड आणि चार मशीन, बटण दाबलं की पुढचं मशीन. ओव्हर आयपीवाला तेच काम नेटवर्कवरून करतो. सर्व्हरच्या एचडीएमआय किंवा व्हीजीए पोर्टमधून निघणारं चित्र तो पकडतो, कॉम्प्रेस करतो आणि तुमच्या ब्राउझरमध्ये दाखवतो, आणि तुम्ही इकडे दाबलेली की तिकडे यूएसबीतून पोचवतो. सर्व्हरला वाटतं की खराखुरा कीबोर्ड लावलेला आहे. सर्व्हरवर काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि म्हणूनच विंडोज चालू असो, बंद असो, मेलेलं असो, याला फरक पडत नाही.

आमच्याकडे एनीडेस्क आहे, रिमोट डेस्कटॉप आहे, मग हा वेगळा खर्च कशाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि बरोबरच आहे. रोजच्या कामाला रिमोट डेस्कटॉपच वापरा, तो जास्त स्मूथ चालतो. पण तो चालतो कधी, तर विंडोज पूर्ण बूट झालं, नेटवर्क आलं, सर्व्हिस चालू झाली, की मग. आणि आपल्याला फोन येतो तो नेमका यातलं काहीतरी झालेलं नसतं तेव्हा.

मला हे कळलं ते एका मृगाच्या पावसात. रात्री साडेअकराला सिन्नरच्या एका कारखान्यातून फोन, लाईट तासभर गेली होती, यूपीएस उतरला, लाईट आली, वॉचमनकाकांनी सर्व्हरचं बटण दाबलं, पंख्याचा आवाज येतोय, हिरवी लाईट लागलीये, पण मशीनवर प्रोग्राम काही जात नाही. मी घरून पिंग करतोय, उत्तर नाही. काकांना मॉनिटर लावायला सांगितलं तर मॉनिटर ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप. शेवटी इंदिरानगरहून गाडी काढली, पुणे हायवेला धो-धो पाऊस, समोरचं दिसत नव्हतं, तीसेक किलोमीटर जाऊन मॉनिटर जोडला तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: सीमॉस चेकसम एरर, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, नाण्याएवढा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो तो. लाईट पूर्ण गेल्यावर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, आपली सेटिंग विसरला आणि कोणीतरी एफ१ दाबायची वाट बघत बसला. मी दाबला, सर्व्हर दोन मिनिटांत वर आला. येता-जाता दोन तास, एका कीसाठी, आणि तिकडे तिसऱ्या शिफ्टची माणसं तोवर नुसती बसून होती.

तिथे केव्हीएम असता तर तो एफ१ मी घरून दाबला असता. त्या आठवड्यातच बसवला.

आमच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक किंवा आयएलओ आधीच आहे. तरी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयएलओ, सुपरमायक्रोचा आयपीएमआय, लेनोवोचा एक्सक्लॅरिटी, हे सगळे मदरबोर्डवरचे वेगळे छोटे कॉम्प्युटरच असतात. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबलमध्ये करंट आहे तोवर हे जागे असतात. स्क्रीन दाखवतात, चालू-बंद करतात, वर पंख्याचा स्पीड, तापमान, रॅममधली गडबड पण सांगतात, जे बाहेरून लावलेल्या केव्हीएमला कधीच कळणार नाही.

मात्र लायसन्स तपासा. आयड्रॅकमध्ये व्हर्च्युअल कन्सोलसाठी साधारण एंटरप्राइज लायसन्स लागतं, आयएलओमध्ये विंडोज चालू झाल्यावरही स्क्रीन दिसत राहायला ॲडव्हान्स्ड. बऱ्याच कारखान्यांत सर्व्हर घेताना कोटेशन कमी करायला हेच उडवलेलं असतं आणि मालकाला ते माहीतच नसतं. तसं असेल तर आधी लायसन्सची किंमत विचारा आणि मग बाहेरून लावायच्या केव्हीएमशी तुलना करा.

आणि असेंबल केलेला टॉवर, साधा डेस्कटॉपच सर्व्हर म्हणून वापरताय, किंवा सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, शेजारचा जुना पीसी, जो बंद पडला की लाईनच थांबते, तिथे हे काहीच नसतं. खरी गरज तिथे आहे.

छोटी डबी घ्यावी की मोठा रॅकवाला?

मशीन किती आहेत त्यावर. एक-दोन मशीन असतील तर पायकेव्हीएम, जेटकेव्हीएम, नॅनोकेव्हीएम असल्या तळहाताएवढ्या डब्या मिळतात, काही हजारांत काम होतं. पायकेव्हीएम रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालतो आणि त्याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, हाताने जुळवाजुळव करायची आवड असेल तर स्वतः पण बनवता येतो. आठ-सोळा मशीनची रॅक असेल तर एटेन, रॅरिटन, व्हर्टिव्हचा ॲव्होसेंट असे मोठे स्विच बघा, तिथे प्रत्येक सर्व्हरला एक डोंगल लागतं आणि डोंगलपासून स्विचपर्यंत लॅनचीच केबल जाते. हे महाग असतं, मोठं मॉडेल लाखांत जातं, आणि डोंगलचे पैसे बहुतेक वेळा वेगळे असतात हे कोटेशनमध्ये नीट वाचा. अजून एक आकडा बघायचा तो म्हणजे एका वेळी किती जण रिमोटने बसू शकतात. सोळा पोर्ट आहेत म्हणजे सोळा जण बसतील असं नसतं, कित्येक मॉडेलवर एक किंवा दोनच जण.

माझं मत, ज्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट नियमित येतं तेच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे इंटरनेटवरून केव्हीएमपर्यंत थेट रस्ता उघडून टाकू का? सोपं पडतं.

नाही. कृपा करून नाही.

केव्हीएम म्हणजे सर्व्हरसमोरची खुर्ची आहे. त्या खुर्चीत जो बसला तो मशीन रीस्टार्ट करू शकतो, बायोसमध्ये जाऊ शकतो, स्वतःच्या आयएसओवरून (इन्स्टॉलेशन डिस्कची फाईल) बूट करून तुमच्या हार्ड डिस्क वाचू शकतो, विंडोजचा पासवर्ड पुसू शकतो. फायरवॉल, अँटिव्हायरस सगळं त्याच्या वरच्या मजल्यावर राहतं आणि हा तळघरातून आलेला असतो. अशी खुर्ची तुम्ही उघड्या इंटरनेटवर ठेवताय. पोर्ट नंबर बदलला म्हणून लपत नाही, पूर्ण इंटरनेट स्कॅन करणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात.

आयपीएमआयचं उदाहरण घ्या. आयपीएमआय २.० हे सर्व्हर दुरून सांभाळायचं २००४ चं स्टँडर्ड आहे, यूडीपी ६२३ पोर्टवर चालतं, आणि त्याच्या लॉगिनच्या पद्धतीतच खोट आहे. फक्त युजरनेम माहीत असलं तरी समोरचं मशीन पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं सांकेतिक रूप, देऊन टाकतं, मग तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. २०१३ मध्ये हे जाहीर झालं. स्टँडर्डमध्येच असल्यामुळे अपडेट करून पूर्ण जात नाही, उपाय एकच, ते पोर्ट बाहेरच्याला दिसूच द्यायचं नाही.

मग कसं करायचं, तर केव्हीएमला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये टाका, जिथे ऑफिसातले पीसी पोचत नाहीत, आणि बाहेरून यायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून आत येणारा कुलूपबंद बोगदा. वायरगार्ड नावाचा व्हीपीएन राउटरवरच बसत असेल तर उत्तम. डिफॉल्ट पासवर्ड पहिल्या पाच मिनिटांत बदला: जुन्या डेलवर रूट आणि कॅल्विन, जुन्या सुपरमायक्रोवर ॲडमिन-ॲडमिन, पायकेव्हीएमवर पण ॲडमिन-ॲडमिन, हे जगाला पाठ आहेत. मोबाईलवर कोड येणारं टू फॅक्टर असेल तर चालू करा. आणि प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन, म्हणजे एखादा मुलगा नोकरी सोडून गेला की फक्त त्याचं बंद करता येतं. सगळ्यांना एकच पासवर्ड आणि तो रॅकच्या दारावर चिकटपट्टीने लावलेला, हे मी अंबडमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय आणि तिथल्या तिथे फाडलंय.

लॉग पण चालू ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. केव्हीएमचं घड्याळ चुकीचं असेल तर त्या लॉगचा उपयोग शून्य, म्हणून एनटीपी लावा, म्हणजे घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळत राहील.

फायबरवाला म्हणतो स्टॅटिक आयपी मिळणार नाही. मग व्हीपीएन कसा?

साध्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा सीजीनॅट असतं, म्हणजे एकाच पब्लिक आयपीमागे शेकडो कनेक्शन, बाहेरून आत यायला रस्ताच नसतो. तिथे टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा वापरा, दोन्ही टोकं आतून बाहेर जोडतात त्यामुळे स्टॅटिक आयपी लागत नाही. नाहीतर स्वस्तातला क्लाउड सर्व्हर घ्या आणि कारखान्याचा राउटर वायरगार्डने त्याला जोडून ठेवा.

लाईट गेली की केव्हीएम काय कामाचा?

लाईट गेलेली असताना काहीच नाही. लाईट परत आल्यावर मात्र खूप, पण आधी चार गोष्टी करून ठेवल्या असतील तर. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आणि मग पावसाळाभर एमआयडीसीत लाईट ये-जा करते त्यामुळे हा भाग जरा सविस्तर सांगतो.

पहिलं, सर्व्हर यूपीएसवर असतो पण फायबरवाल्याची डबी भिंतीवरच्या साध्या प्लगला असते. लाईट गेली की सर्व्हर चालू, केव्हीएम चालू, इंटरनेट बंद. मी जितक्या ठिकाणी गेलो त्यातल्या निम्म्या ठिकाणी तरी हेच सापडलं. सर्व्हर, केव्हीएम, स्विच, राउटर आणि ती डबी, सगळी साखळी एकाच यूपीएसवर पाहिजे. या छोट्या वस्तू करंट फारसा खात नाहीत.

दुसरं, बायोसमधली एक सेटिंग. नाव वेगवेगळं असतं, रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस, एसी पॉवर रिकव्हरी, असलं काहीतरी. तीन पर्याय असतात, ऑफ, लास्ट स्टेट, ऑन. लोक लास्ट स्टेट ठेवतात आणि फसतात. का, तर यूपीएसचं सॉफ्टवेअर बॅटरी उतरताना सर्व्हर व्यवस्थित शटडाउन करतं, म्हणजे शेवटची स्थिती बंद अशी नोंदली जाते, मग लाईट आल्यावर सर्व्हर इमानदारीत बंदच राहतो. ऑन ठेवा. आणि तो सीआर२०३२ सेल चार-पाच वर्षांचा झाला असेल तर बदलून टाका, नाहीतर ही सेटिंग पण त्याच्याबरोबर जाते.

तिसरं, पॉवर बटण. केव्हीएम चित्र दाखवतो पण बंद पडलेलं मशीन चालू करायला बटण कोणीतरी दाबायला पाहिजे. पायकेव्हीएम, जेटकेव्हीएम यांना एक छोटा बोर्ड जोडता येतो जो मदरबोर्डच्या फ्रंट पॅनल पिनांवर बसतो. दोन वायरी पॉवर बटणाच्या, दोन रीसेटच्या, आणि मूळ बटण पण चालू राहतं. ब्रँडेड सर्व्हरची ही पिन वेगळ्या बनावटीची असते, तिथे आयड्रॅक-आयएलओवरूनच करा. चार-पाच सेकंद बटण दाबून धरणं म्हणजे थेट वायर ओढण्यासारखंच आहे, डेटाबेस चालू असताना अगदी शेवटचा उपाय म्हणूनच वापरा.

चौथं, मॅनेज करता येणारा पीडीयू, म्हणजे दुरून एकेक सॉकेट बंद-चालू करता येणारी प्लगची पट्टी. सर्व्हर असा अडकला की बटणालाही ऐकत नाही तर त्याचं एक सॉकेट बंद-चालू करता येतं. परवडत असेल तर घ्या. पण राउटर आणि केव्हीएम ज्या सॉकेटवर आहे ते चुकून बंद केलंत तर परत चालू करायला गाडी काढावी लागेल, त्यामुळे सॉकेटला नावं नीट द्या.

कारखान्याचं इंटरनेटच बंद पडलं तर?

तर केव्हीएमपर्यंत पोचायला दुसरा रस्ता पाहिजे, आणि तो खरंच दुसरा पाहिजे. एक ४जी राउटर, वेगळ्या कंपनीचं सिम, फक्त केव्हीएमच्या व्हीलॅनसाठी. दोन फायबर लाईन एकाच खांबावरून येत असतील तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात.

हे फक्त छोट्यांचं दुखणं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जवळपास सहा तास बंद होतं ते आठवत असेल. त्यांनीच नंतर लिहिलं की मुख्य नेटवर्कबरोबर त्यांचं आउट ऑफ बँड नेटवर्क, म्हणजे अडचणीच्या वेळी वापरायचा मागचा दरवाजा, तोही चालत नव्हता, त्यामुळे इंजिनियर प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावे लागले. मागचा दरवाजा पुढच्याच गल्लीत उघडत असेल तर त्याचा उपयोग नाही.

विंडोज उडालं तर घरून परत टाकता येतं का?

हो. याला व्हर्च्युअल मीडिया म्हणतात, आयएसओ फाईल केव्हीएममध्ये लावायची, सर्व्हरला ती पेन ड्राईव्ह किंवा डीव्हीडीसारखी दिसते, तिच्यावरून बूट करायचं. फक्त फाईल तुमच्या घरच्या लॅपटॉपवर ठेवून लावू नका. तिथे तुमच्या घरचा अपलोड स्पीड मोजला जातो, ५ जीबीची आयएसओ २० एमबीपीएसने पाठवायला अर्ध्या तासाच्या वर जातो आणि मध्ये लाईन तुटली की इन्स्टॉलेशन अर्धवट. आयएसओ आधीच केव्हीएमच्या मेमरी कार्डवर टाकून ठेवा. माझ्या प्रत्येक डबीवर तीन फाईल कायम असतात, त्या सर्व्हरचं विंडोज, एक लिनक्स लाईव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट.

विंडोज परत टाकणं सोडा, साधा सेफ मोड घ्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीनना निळी स्क्रीन आली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. उपाय काय होता, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल उडवायची, बास. पण मशीन बूटच होत नव्हतं त्यामुळे एनीडेस्क वगैरे निरुपयोगी, कित्येक ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनपाशी जावं लागलं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल तर ती ४८ आकडी रिकव्हरी की पण तिथेच टाकावी लागते, म्हणून ती की त्याच सर्व्हरवर सेव्ह करून ठेवू नका.

कनेक्ट होतंय पण स्क्रीन काळी येते.

एडिड. मॉनिटर ग्राफिक्स कार्डला सांगत असतो की मी अमुक रिझोल्यूशनचा आहे, तसं सांगणारं कोणी नसेल तर कार्ड चित्र काढतच नाही. केव्हीएमने एडिड द्यायला हवं, सेटिंगमध्ये १०८०पी निवडा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा, कारण काही बोर्ड चालू होतानाच मॉनिटर तपासतात. सर्व्हरला दोन व्हिडिओ पोर्ट असतील तर बायोसचं चित्र कुठल्या पोर्टमधून येतं ते बघा, विंडोज एका पोर्टवर आणि बायोस दुसऱ्यावर असं होतं. व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर मध्ये असेल तर आधी तो बदलून बघा, स्वस्तातल्यांनी मला फार वेळा दगा दिलाय.

माउस एकीकडे, बाण भलतीकडे.

माउस मोड ॲब्सोल्यूट करा. बायोसमध्ये तो चालला नाही तर तेवढ्यापुरता रिलेटिव्ह. जुन्या विंडोजवर एन्हान्स पॉइंटर प्रिसिजनची टिक काढा. तरी नाही जमलं तर कीबोर्डवर काम करायची सवय लावा, टॅब, ॲरो आणि एंटरवर सगळं होतं.

पासवर्ड बरोबर टाकतोय तरी चुकीचा म्हणतंय!

केव्हीएम अक्षर पाठवत नाही, कुठली की दाबली ते पाठवतो. त्या कीचं अक्षर कुठलं हे पलीकडचं मशीन ठरवतं. पलीकडे कीबोर्ड यूके असेल आणि तुमचा यूएस, तर ॲट द रेट आणि डबल कोट यांची अदलाबदल होते. आपल्याकडे अजून एक अडचण होते: अकाउंट्सच्या मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड टाकलेला असतो, लॉगिन स्क्रीनला तोच चालू राहतो आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात त्यामुळे कळत नाही की आत देवनागरी चाललंय. खाली उजवीकडे भाषा बघा. कॅप्स लॉकही बघा, आणि पासवर्ड टाकायच्या आधी तो युजरनेमच्या चौकोनात टाईप करून वाचता येतो, मागे कोणी उभं नसेल तर.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट तुमच्या लॅपटॉपवर दाबलं तर तुमचाच लॅपटॉप ऐकतो, केव्हीएमच्या मेनूत त्याचं वेगळं बटण असतं.

जुना केव्हीएम आहे, जावा मागतो. फेकून द्यायचा का?

हार्डवेअर चांगलं असेल तर आधी फर्मवेअर शोधा, कित्येकांना नंतर एचटीएमएल५ चा व्ह्यूअर आला. नसेल आला तर अवघड आहे. क्रोमने २०१५ मध्येच जावाचे प्लगइन बंद केले आणि जावा वेब स्टार्ट २०१८ च्या जावा ११ पासून नाही. जुन्या जावाचं एक वेगळं व्हर्च्युअल मशीन ठेवून काही दिवस ढकलता येतं, पण मी बदलाच म्हणेन.

मोबाईलवरून जमतं?

एफ१ दाबण्यापुरतं, एंटर मारण्यापुरतं जमतं. एच.२६४ मोड ठेवा म्हणजे ४जीवर पण चित्र हलतं, एमजेपीईजी डेटा खूप खातो. मोठं काम लॅपटॉपवरच.

कुंभमेळ्यात काय करायचं?

२०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरात गाड्या बंद होत्या. पंचवटी, द्वारका या बाजूने पलीकडे जायचं म्हणजे पायी. २०२७ ला परत तेच होणार, आणि कारखान्यांचे सर्व्हर तारखा बघून बंद पडत नाहीत. ज्यांच्याकडे आज केव्हीएम नाही त्यांनी त्याच्या आधीचा एक पावसाळा मिळेल अशा बेताने बसवा, म्हणजे काय कच्चं आहे ते पावसातच कळेल.

बसवून झालाय. नीट चालतोय हे कसं कळणार?

घरी या. ऑफिसच्या वायफायवरून केलेली टेस्ट मी धरत नाही. रविवारी, बॅकअप घेऊन, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसून हे करा: कारखान्यातल्या माणसाला मुख्य फायबर काढायला सांगा, ४जीवरून केव्हीएम उघडतोय का बघा, सर्व्हर शटडाउन करा, केव्हीएमवरून चालू करा, बायोसमध्ये शिरा, घड्याळ बघा, बाहेर या, आयएसओवरून एकदा बूट करा, मग विंडोज.

सिन्नरला ही टेस्ट केली तेव्हा वॉचमनकाका फोनवर होते, रॅकसमोर खुर्ची टाकून बसलेले. मी म्हटलं, "काका, आता मी बंद करतोय, हात लावू नका." पंखे थांबले. मग मी इकडून बटण दाबलं आणि त्यांच्या फोनमधून मला पंख्यांचा आवाज ऐकू आला. काका म्हणाले, "लागली भाऊ, हिरवी लागली."